कोरी वाळू

४ सप्टेंबर, संध्याकाळ

पोचलो! दोनदा पंक्चर आणि बिस्किटांचा एक डबा चुराडा, बाकी सगळं शाबूत. माझी पहिलीच सफर, आणि गाडी मी चालवली. मी म्हणजे एल्फ्रीडा गारिसेस, जिला आमच्या खोरिक्सास गावच्या बायका म्हणायच्या की ही फार तर बेकरीची व्हॅन चालवेल. कोरड्या नदीच्या पात्रात तळ टाकलाय, मागं वाळूच्या टेकड्या, पुढं खडकाळ माळ. इथली वाळू फार मऊ, म्हणून गाडी शंभर पावलांवर काट्याच्या मोठ्या झाडाखाली ठेवली.

पाहुणे दोनच, जर्मनीचे लोमान नवरा-बायको. साहेब रेल्वेतले निवृत्त इंजिनियर, तंबूची प्रत्येक खुंटी स्वतःच्या हातोडीनं पुन्हा ठोकतात. बाई सगळ्याला हसतात, नवऱ्याला सगळ्यात जास्त. आणि माझ्या जोडीला ओपा गॉटलीब; ओपा म्हणजे आजोबा, सगळे त्यांना तसंच म्हणतात. जनावरांचा माग काढण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. ऊन उतरलं तसं त्यांनी बाभळीची फांदी ओढत तंबूंभोवतीची वाळू साफ केली, अंगण झाडावं तशी. म्हणाले, पोरी, हे उद्याचं वर्तमानपत्र. मी वाचेपर्यंत त्याच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. ही वही त्यांचीच, रोजचे माग मी लिहून ठेवावेत म्हणून दिलेली. मी त्यात माझंही थोडं खरडणार. ओपांना फक्त वाळूवरचं वाचता येतं.

ही सफर नीट पार पडली की नोकरी पक्की, आणि राहायला खोली. मग ट्रुडीला आईकडून इथं आणता येईल. सहा वर्षांची माझी लेक परवा फोनवर मला मावशी म्हणाली. मग हसली. मला नाही हसू आलं.

५ सप्टेंबर, दुपार

सकाळी ओपांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. एक कोल्हा लोमानसाहेबांच्या बुटापर्यंत आला, बूट हुंगून शिंकला आणि परत गेला. ओपा म्हणाले, शिंकणारच, मी असतो तर मेलोच असतो. साहेबांना मी अर्धंच सांगितलं. काळ्या भुंग्यांचे माग तर सगळीकडं, कुणी शिवण घातल्यासारखे. मग टेकडीवर चढलो आणि बसून घसरत खाली आलो. वाळू घसरली तशी टेकडी पोटातून गुरगुरली, तेव्हा लोमानबाई किंचाळल्या आणि पुन्हा चढायला निघाल्या. लांब सरळ शिंगांची सहा ओरिक्स हरणं दिसली, आणि लांबून हत्ती.

जेवण झाल्यावर गाडीतल्या रेडिओवर हेनिंग, आमचा मॅनेजर. म्हणाला, तीन बोटांची सिंहीण तुमच्या झऱ्याकडं दिसलीय. मागात चार बोटं उमटायला हवीत, तिच्या डाव्या पुढच्या पंजाचं एक फासात तुटलेलं. तिचे बछडे विषानं मेले, तेव्हापासून ती माणसाला भीत नाही. मी म्हटलं, मग तळ हलवते. तर खेकसला. मागचे पाहुणे घाबरून अर्ध्यातून गेले, सगळीकडं नाव घालवलं. तंबूपाशी माग दिसला तर ते उठायच्या आत पुसून टाक. म्हाताऱ्यालाही सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही. ही सफर मोडली तर तू आणि तुझी बेकरीची व्हॅन.

मी हो म्हटलं. उद्या दुपारी तळ उठणारच आहे.

६ सप्टेंबर, सकाळी सहा

दाट धुकं. सगळ्यांच्या आधी उठले. माग आहे.

डाव्या पंजाला तीनच बोटं. दोन्ही तंबूंना फेरा घातलाय. लोमानांच्या तंबूपाशी पोटाचा ठसा, बराच वेळ बसली असणार. ओपांना हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रुडीचं मावशी म्हणणं आठवलं. फांदी घेतली आणि उलट्या पावलांनी सगळं पुसलं. माग झऱ्याकडं गेला होता, म्हणजे लांब गेली असेल. सहा तासांचा तर प्रश्न. निदान वहीत तरी खरं लिहावं म्हणून लिहिते.

६ सप्टेंबर, सकाळी नऊ

ओपा मेले.

उठले, वाळूकडं बघत राहिले. म्हणाले, आज छापखाना बंद आहे का? एका भुंग्याचासुद्धा माग नाही. तू झाडलंस? मी म्हटलं, हो, घरच्यासारखं सवयीनं झाडलं, फक्त कोल्हा होता. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. म्हणाले, असू दे, नवी आहेस. विश्वास ठेवला त्यांनी. पाण्याचा कॅन घेऊन झऱ्याकडं निघाले. सदरा पातळ होता, म्हणून मीच माझं जाकीट त्यांच्या अंगावर चढवलं. गाडीची किल्ली त्यात.

कॅन गडगडल्याचा आवाज आला. ओरडणं नाहीच. फावडं घेऊन धावले. त्यांचं अख्खं तोंड तिच्या जबड्यात होतं, पाय वाळूवर आपटत होते. मी तिच्या पाठीत फावडं घातलं, दोनदा, सगळा जोर लावून. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. एक हिसका दिला, मान मोडल्याचा आवाज झाला, पाय थांबले. मग ओढत धुक्यात नेलं. एक बूट राहिला.

मी मारलं त्यांना. पंजा तिचा होता, एवढंच.

६ सप्टेंबर, दुपार

धुकं गेलं. रेडिओ गाडीत, गाडीला कुलूप, किल्ली ओपांबरोबर गेली. तिघं पाठीला पाठ लावून, जळती लाकडं धरून गाडीपर्यंत गेलो. साहेबांनी हातोडीनं मागची काच फोडली, बायकोला आत ढकललं, मला ढकललं. स्वतः चढत होते—

झाडामागून आली. मांडी धरली. मी त्यांची मनगटं धरली, बाईंनी माझी कंबर. आम्ही ओढलं, तिनं ओढलं. त्यांचे डोळे माझ्याकडं होते. मग एकदम ओझं हलकं झालं आणि आम्ही दोघी मागं पडलो. माझ्या हातात त्यांचं घड्याळ आणि बोटांची सालं.

बाई रडत नाहीत. फुटलेल्या खिडकीत बर्फाचा डबा ठोकून बसवलाय.

रेडिओवर हेनिंगचा पहिला प्रश्न, पाहुण्यांनी पाहिलं का? मग म्हणाला, सकाळी पॉलुसला पाठवतो. पॉलुस ओपांचा मुलगा. हेनिंग म्हणाला, त्याला सांगतो गाडी बंद पडलीय, खरं सांगितलं तर एकटा कोण येईल? मी ओरडले, त्याला खरं सांग! रेडिओ बंद पडला की त्यानं बंद केला, कळलं नाही.

७ सप्टेंबर, सकाळ

जिवंत आहोत. डब्याच्या फटीतून पंजा आत आला. बाईंचा खांदा हाडापर्यंत उघडा. माझा सदरा कोंबलाय, तोही भिजला.

पुन्हा धुकं. बाई विचारतात, वाळू काय म्हणते?

वाचली. तीन बोटांचा माग तळाकडून येतो. गाडीपाशी येतो. फुटक्या खिडकीखाली येतो. परत जाणारा माग— दोन्ही बाजूंनी बघितलं. नाही.

सांगितलं त्यांना. ह्या वेळी खरं.

७ सप्टेंबर, नंतर

धुकं विरळ झालंय. गाडीचा आवाज. पॉलुस.

लांब थांबला, वाळू मऊ म्हणून. हॉर्न दाबला. त्यानं हात केला. त्याला वाटतंय, मी बोलावतेय—

उतरला. जमिनीकडं बघत चालतोय, बापानं शिकवलं तसं. पण त्याच्या बाजूची वाळू कोरी. माग सगळे इकडं, माझ्या बाजूला.

दारं, काचा किल्लीशिवाय उघडत नाहीत. आवाज पोचत नाही. डबा काढून डोकं बाहेर काढलं तरच—

ती बरोबर खाली आहे.

ट्रुडी, आई आहे मी तुझी, मावशी नाही—

ओपांनी विचारलं होतं. मी खोटं बोलले. त्यांच्या पोराशी खोटं नाही बोलणार.

पन्नास पावलं.

डबा सैल झाला. डोकं बाहेर काढून हेच ओरडणार, इथंही लिहून ठेवते. गाडी हलली खालून—

पॉलुस, मागं फीर, ती इथं गाडीखा