पश्चिम भेगेतली मोहरी

१८ नोव्हेंबर, लातूर

सभेची सुरुवात ठरली.

"पत्र्याच्या वस्तीतल्या माणसांनो! सहा वर्षं झाली, तुम्हाला जो भेटतो तो एकच सांगतो, इथून उठा. भूकंपानं गावातून उठवलं. आता क्लासवाल्यांच्या वसतिगृहासाठी इथूनही उठवायला निघालेत. कळशी घेऊन तुम्ही अर्धा दिवस टँकरची वाट बघता, आणि दारातली पायऱ्यांची भरलेली बारव म्हणे बुजवायची!"

इथं थांबायचं. टाळी येईल. मग मोहरी.

मोहरी हे नाव काशीबाईनं दिलं. ती बारवेला लागूनच राहते. भूकंपाच्या पहाटे बारवेच्या पश्चिम भिंतीत भेग पडली, तेव्हापासून तिथून पाणी झिरपतं. त्या झिरपणीतल्या दगडांच्या पोटाला या गोगलगायी. अडीच मिलिमीटर. दगड वर आणून दाखवला तर काशीबाई म्हणाली, "बया! मोहरी सांडली जणू."

वर आणावा लागला, कारण ती खाली उतरत नाही. सून आणि नातू दगडमातीच्या भिंतीखाली गेले. तेव्हापासून डोक्यावर दगड असेल तिथं ती उभी राहत नाही, देवळातसुद्धा नाही. वस्तीतले बहुतेक तसेच. म्हणूनच जागेची मालक असलेल्या शिक्षणसंस्थेला कागदावर लिहिता आलं: 'बारव वापरात नाही, धोकादायक, बुजवण्यास परवानगी मिळावी.'

संस्था म्हणजे माझीच. तिच्याच कॉलेजात मी एकवीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते आहे.

२१ नोव्हेंबर

सभा झाली. अडीचशे तरी माणसं. आवाज लागला होता.

एक वाक्य कागदावर नव्हतं. "ही गोगलगाय या बारवेशिवाय जगात कुठंही नाही!" तोंडातून गेलं. टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. मी तेच पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदाही.

सभा संपल्यावर बिराजदार आला. माझा विद्यार्थी, चांगला होता. माझ्या प्रयोगशाळेत गोगलगायी मोजत बसायचा. आता त्याच्या जीवशास्त्राच्या क्लासला तीन पाळ्या लागतात. वसतिगृह त्याच्याच पोरांसाठी. वाकून नमस्कार केला आणि पोरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, बारावीला येते का ही? किती मार्कांना?"

पोरं हसली. मीही हसले. मग हळूच म्हणाला, "जगात कुठंही नाही, हे बघितलं कुणी? तुम्हीच शिकवलंय, नुसत्या कवचावर जायचं नाही."



२२ नोव्हेंबर

स्वतःसाठी लिहून ठेवते, काय माहीत आहे आणि काय नाही.

बारवेत चार जाती. तळाच्या चिखलात लांब, सुळकेदार. कडेच्या शेवाळावर पातळ कवचाची, झाकण नसलेली, श्वासाला वर येणारी. पाणवनस्पतींच्या पानांवर गोलसर, चुनखडी झाकणाची. या तिन्ही मराठवाड्यात कुठल्याही तळ्यात मिळतील. चौथी मोहरी. फक्त भेगेखालच्या दगडांवर, जिथं पाणी बोटभरही खोल नाही पण सतत सरकतं. काचेच्या भांड्यात ठेवून पाहिली होती, दोन दिवसांत मेली. साचलेलं पाणी तिला चालत नाही.

अडचण अशी की मोहरी आणि पानांवरच्या गोलसर जातीचं पिल्लू बाहेरून अगदी सारखं दिसतं. फरक झाकणात. गोलसर जातीचं झाकण जाड, त्यावर झाडाच्या कापलेल्या खोडासारखी एकात एक वर्तुळं. मोहरीचं झाकण नखासारखं पातळ, त्यावर एकच रेघ वळत वळत आत जाते.

एवढं माहीत आहे. म्हणजे पिल्लू नाही, कूळ वेगळं. पण त्या कुळातली कुठली जात, नवी की जुनी, हे शरीर उलगडल्याशिवाय...

वीस मोहऱ्या सप्टेंबरातच कलकत्त्याच्या तज्ज्ञांना पाठवल्या आहेत. उत्तर यायचं आहे. उत्तराआधीच मी जगाचा निकाल लावला.

२५ नोव्हेंबर

कलकत्त्याचं पत्र. सभ्य. सभ्य होतं म्हणून जास्त लागलं.

सगळ्या वीस मोहऱ्या आत ओढलेल्या, आखडून दगड झालेल्या. आतले अवयव वाचता येत नाहीत. 'आपण त्या जिवंतच थेट स्पिरिटमध्ये टाकल्या असाव्यात.'

हो. टाकल्या.

दर जूनला पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते: आधी झोपवा, मग मारा. पाण्यावर पुदिन्याच्या सत्त्वाचे खडे टाकायचे, पानवाल्याकडे मिळतात तेच. गोगलगाय हळूहळू गुंगते, पूर्ण बाहेर पसरते. टोचलं तरी आत जाईना की मग स्पिरिट. पाच-सहा तास लागतात. त्या दिवशी मला चारच्या बसनं उदगीरला व्याख्यानाला जायचं होतं. विषय होता, विज्ञाननिष्ठा.

पत्राच्या शेवटी: 'नीट पसरलेले नमुने मिळाल्यास आनंदानं पाहीन. तोवर या जातीविषयी काहीही विधान करू नये ही विनंती.'

उद्याच जाऊन नव्या आणते.

२६ नोव्हेंबर

बारवेभोवती काटेरी तार. लोखंडी दार, कुलूप. 'धोकादायक. प्रवेश बंद.' रंग ओला होता.

काशीबाई पत्र्याच्या दारात. "काल सांजच्याला आले बाई. धा माणसं. खांब रोवायलाव म्हनले अन् रोवले बी."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? आत कोन जातंय आमच्यातलं?"

प्राचार्यांकडे गेले. संस्थेच्या मालमत्तेविषयी मी जाहीर सभेत बोलले म्हणून त्यांनीच लेखी खुलासा मागितला. खुलासा देईन. मी किल्ली मागितली तर म्हणाले, नगरपालिकेचे अभियंते अकरा डिसेंबरला सकाळी आठला पाहणीला येणार, तेव्हाच दार उघडेल. अभियंते एकच लिहून नेणार: वापरात आहे की नाही. नाही म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून मुरूम टाकून बुजवणं सुरू.

३० नोव्हेंबर, नांदेड

दादाकडे आले. माझा थोरला भाऊ, निवृत्त हेडमास्तर. सगळं सांगितलं. तो अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत होता.

"म्हणजे गोगलगायीला झाकण असतं."

"हो."

"तुला मात्र देवानं दिलंच नाही."

वहिनी हसून हसून बेजार. मग दादानं विचारलं, "ती दुसरीकडं आहे का, हे बघायला किती दिवस लागतात?"

"एक दिवस. जागा नीट निवडली तर."

"मग आजवर का न्हाई बघितलं?"

उत्तर होतं. दिलं नाही. सापडली असती तर?

१ डिसेंबर, इस्लापूर

सकाळची एसटी. भोकर, हिमायतनगर, कपाशीच्या गाड्यांमागे रखडत. दादा सोबत, मफलर आणि काठी.

इथल्या धबधब्याखालच्या डोहात काही नाही, म्हणजे नेहमीच्याच. पण मी डोहासाठी आलेच नव्हते. काळ्या कातळाच्या फटी शोधत होते, जिथून नुसता ओलावा सरकतो. दादा वरून ओरडला, "अगं पाय घसरंल! साठीला टेकलीस, काय करून राहिलीस तिथं?"

"अजून पन्नास हाय!" मीही ओरडले.

अकराव्या दगडाच्या पोटाला मोहरी.

एक, मग सहा, मग पाच मिनिटांत तीस. आयुष्यात पहिल्यांदा एखादा प्राणी सापडल्यावर दगड गुपचूप होता तसा ठेवून द्यावासा वाटला. दादानं वरून विचारलं, "हाय का न्हाई?"

तेवढ्या वेळात "नाही" म्हणता आलं असतं. त्याला काय कळणार होतं.

"हाय," म्हणाले.

३ डिसेंबर, नांदेड

या वेळी झोपवून मारल्या. वहिनीच्या पितळी वाटीत, पुदिन्याचे खडे टाकून. सहा तास बसून राहिले. हळूहळू एकेक बाहेर आली, दोन शिंगं, काळे ठिपक्यासारखे डोळे, सोंड. सुंदर पसरल्या.

भिंगाखाली झाकणं पाहिली. नखासारखी पातळ, एकच वळती रेघ. बारवेतल्यासारखीच.

तरी हीच जात, असं म्हणता येत नाही. दोन ठिकाणांमध्ये दोन दिवसांची वाट, पाणी एकमेकांना कुठं भेटत नाही. दोन वेगळ्या जाती असतील. एकच असेल. इस्लापूरच्या नमुन्यांशेजारी बारवेतले नीट पसरलेले नमुने ठेवल्याशिवाय कलकत्ताही सांगू शकणार नाही. आणि बारवेतले कुलपात.

पण 'जगात कुठंही नाही' हे आज मला माहीत नाही. त्या सभेच्या दिवशीही नव्हतं.

६ डिसेंबर, लातूर

बिराजदार घरी आला. पेढे घेऊन. इस्लापूरचं त्याला काहीच सांगितलं नाही. तो आपणहून म्हणाला, "मॅडम, मधला मार्ग काढू. क्लासच्या आवारात सिमेंटची टाकी बांधून देतो. तुमच्या गोगलगायी तिथं सोडा. वर पाटी लावू, तुमच्या नावाची."

"टाकीत दोन दिवस जगतील."

"मोटर लावू. पाणी फिरतं ठेवू."

"आणि वीज गेली की?"

तो पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवत म्हणाला, "माझ्याकडं खेड्यातली पोरं येतात. बारा बाय बाराच्या खोलीत सातजण झोपतात. त्यांनी कुठं जायचं? तुम्ही कधी बघितलंय ते?"

बघितलं नव्हतं. तो खोटं बोलत नाही.

"वसतिगृह बांध," म्हणाले. "मागं पडकं मैदान आहे. त्यासाठी मी भाषण करते."

"मैदानावर संस्थेला दुकानं काढायची आहेत."

पेढे तसेच परत नेले.

८ डिसेंबर

गप्प राहायचं का? तीन दिवस बाकी. वस्ती माझ्या वाक्यावर उभी आहे. 'आमची जगात एकच' म्हणून बाया पोरांना सांगतात. एका घराच्या पत्र्यावर चुन्यानं गोगलगाय काढली आहे, हत्तीएवढी, आणि झाकण विसरलेत. हेच वाक्य काढून घेतलं तर अकरा तारखेला पाणी भरायला दगडाखाली कोण उतरेल? 'सापडली, पण जात तीच का ते ठरलेलं नाही' या वाक्याला टाळी नाही.

दुसऱ्या बाजूनं: उद्या बिराजदारच इस्लापूरला गेला तर? तो जाऊ शकतो. दगड कसा उलटायचा हे मीच शिकवलंय.

तिसऱ्या बाजूनं काही लिहायचं नाही. ती मला माहीत आहे.

९ डिसेंबर

पहिल्यांदा काशीबाईला सांगितलं. ती ओट्यावर मिरच्यांचे देठ मोडत होती.

"काशीबाई, मी खोटं बोलले. मोहरी दुसरीकडंबी असंल. नांदेडाकडं तसलीच सापडली."

तिनं हात थांबवला नाही. "मंग?"

"मग काय? लोकांना सांगितलं, एकच आहे."

"बाई, हे क्लासला सायकलीवर पोरं जातेत, बघता नव्हं? सगळी माझ्या नातवाच्या वयाची. लई हायती." एक देठ मोडला. "मंग?"

मी सुपातली एक मिरची उचलून देठ मोडायला लागले.

मग तिनंच विचारलं, "दगड उलटला की परत तसाच ठेवता का?"

"ठेवते. नाहीतर पोट वाळतं, मरतात."

"हां," म्हणाली. बस्स.

१० डिसेंबर, दुपार

सकाळी नऊला वस्तीत उभी राहिले. माईक नाही. पहिलंच वाक्य: "एकवीस तारखेला मी तुमच्यासमोर जे बोलले ते मला माहीत नव्हतं." मग इस्लापूर, झाकण, स्पिरिट, उदगीरची बस, सगळं.

टाळी नाही. मागून एक म्हातारा, "मंग आमाला येडं केलं का बाई तुमी?" चाळीसेक माणसं उठून गेली. हत्तीएवढ्या गोगलगायीच्या घरातला माणूसही गेला.

राहिले त्यांना दुसरं सांगितलं. नाव मला माहीत नाही, पण घर माहीत आहे. जी भेग पडली तेव्हा तुमची माणसं गेली, त्याच भेगेच्या पाण्यात ही जगते. हे खोटं ठरणार नाही, कारण हे मी पाहिलंय. आणि पाणी गोड आहे, हे मी सहा वर्षं पिऊन सांगते.

कुणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही.

निघाले तर काशीबाई दारात कळशी चिंचेनं घासत होती. वर न बघता विचारलं, "पायऱ्या किती हायती?"

"सतरा."

"अन् डोक्यावर दगड कितव्या पायरीला येतो?"

"नवव्या."

ती घासत राहिली.

आता हे लिहून झालं की हातानंच चाळीस कागद लिहून काढायचे आणि उठून गेलेल्यांच्या दारात आधी जायचं. मजकूर एवढाच:

'उद्या सकाळी आठ वाजता बारवेचं दार उघडेल. अभियंते वापर आहे का ते बघायला येतायत. कळशी घेऊन या. सतरा पायऱ्या उतरा, पूर्वेच्या बाजूनं एक कळशी भरा, पश्चिमेचे दगड हलवू नका, आणि अभियंत्यांच्या डोळ्यांदेखत वर घेऊन या.'