दोन लायनींचा फ्रीज

दिग्रस,
मार्च १९६४

प्रिय बिजली,

तुझ्या सासऱ्यांचं कार्ड पोचलं. सून आजारी, म्हणून तिची शाळेतली नोकरी बंद, असं भीमराजजींनी दोन ओळींत उरकलंय. तुझं अक्षर कुठंच नाही. त्यावर मी जे बोललो ते टपालात घालण्यासारखं नव्हतं. तुझी याडी, आईच ना ती, म्हणाली, "आधी पानी प्या, मंग लिहा." म्हणून पाणी पिऊन बसलोय.

आपल्या सिनेमाचा तंबू सध्या जिनिंगच्या मागच्या मैदानात आहे. याडी तिकिटाच्या खिडकीत बसते आणि फुकट्यांना नावानिशी ओळखते. तुझ्या लग्नानंतर जुन्या बसमधली बाकं काढून मी तिचं घर केलं. त्यात पलंग आहे, स्टोव्ह आहे, आणि फ्रीज आहे, जो तू अजून पाहिला नाहीस. तो याडीच्या साखरेच्या आजारापायी. तिला रोज लागणारी इन्सुलिनची बाटली उन्हात खराब होते. वणीच्या जत्रेत तशीच झाली आणि ती बेशुद्ध पडली. तेव्हा तुझे काका नेमसिंग म्हणाले, "भाभीले तांड्यावर ठेव, तिचं फिरणं आता झालं." याडीनं डोळे उघडून विचारलं, "मले कायले खुंट्याले बांधता? त्या थंड पेटीले गाडीत बांधा." ज्यांचे आजे बैलांवर मीठ लादून मुलूख फिरले, त्यांना घरी बसा सांगणारे हे कोण?

फ्रीज मिळाला, अडचण करंटची. गावात खांबावरची लायन असते, पण तिचा भरवसा नाही. बाकी ठिकाणी सिनेमाचं आपलं इंजिन. आपला ऑपरेटर गोविंदा म्हणाला, "मालक, दोन्ही तारा जोडून देतो, एक गेली का दुसरी हायेच." म्हटलं, बाबू, गावची लायन गेली म्हणून कुणी खांबावर चढला असेल, तर आपला करंट उलटा जाऊन त्याला तिथंच चिकटवेल. आणि दोन्ही एकदम भिडल्या तर आपलं मशीनही जळेल. म्हणून एकच दांडीचा स्विच बसवला. दांडी वर तर गाव, खाली तर इंजिन, मधे दोन्ही बंद. दोन्ही एकदम जुळूच शकत नाहीत. कुणाला शॉक बसू नये म्हणून बसच्या लोखंडाला तार जोडून ती जमिनीत ठोकलेल्या सळीला नेली. सळीभोवती याडी रोज पाणी ओतते, जसं काही तिथं वांगी लावलीत.

माझे कान तुला माहीत आहेत. फ्रीजची मोटर कण्हायला लागली की गावचा करंट उतरलाय हे मला झोपेतही कळतं. दांडी मधे आणतो, मोटर जरा निवू देतो, मगच इंजिनवर टाकतो. रस्त्यानं जाताना फ्रीजचं दार उघडत नाही, थंडी टिकते. बाटली बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवायची. गोठली की गेली. एवढ्या बळावर याडीनं मागचा अख्खा उन्हाळा घाटंजी, आर्णी, पुसद केलं.

हे सगळं तुला इतकं फोडून कायले सांगतो? कार्डात आजाराचं नाव नव्हतं. पण काल तुमच्या नेरचे दोघं कापूसवाले खिडकीशी बोलत होते, "भीमराजच्या सुनेले बी रोजची सुई लागते म्हने, म्हनून घरात दडवली." लोकांना वाटतं इंजिनच्या आवाजात मला ऐकू येत नाही. याडीला सांगितलं. तिनं उठून फ्रीजमधली लोणच्याची बरणी बाहेर काढली आणि तुझ्या बाटलीला जागा केली. तर ऐक. येत्या सोमवारी गाडी तुमच्या दारासमोर उभी राहील. तुला न्यायला येत नाही. घर तुझं आहे आणि शाळाही तुझीच. सुई कशी घ्यायची ते याडी शिकवेल, आणि तू वर्गात उभी राहीपर्यंत गाडी हलणार नाही. व्याह्यांच्या मीटरवरून एक तार मागेन, हात जोडून मागेन. दिली तर बरं. नाही दिली तर दांडी खाली. आपलं इंजिन किती बोलतं तुला ठाऊक आहे; सगळं नेर विचारायला येईल, आणि मी सगळ्यांना खरं सांगेन. जावई प्रेमसिंग माणूस भला आहे, बापापुढे बोलत नाही इतकंच. त्याला सांग, इंजिनपुढे त्याच्या बापालाही बोलता येणार नाही.

तुझाच बा,
लखीराम