दादाची कणीक

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
६ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. दादास,
उर्मिलाचा सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. कोळशाची कांडी वाटेत मोडली, पण एकीच्या दोन झाल्या म्हणून आनंद मानला. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की शेजारीण पूर्वी ‘क्या हुआ आंटी’ करत धावत येते. त्यापेक्षा पत्रंच बरी.

आता तक्रार. चुकलेला कोळसा घासू नकोस, कणकेनं टिपून घे, असं तू लिहिलं होतंस. मी आज्ञाधारक. पोळ्यांच्या कणकेतला गोळा घेतला आणि टिपलं. कागदावर तेलाचा हा एवढा डाग पडला, आणि चित्रातल्या लक्ष्मीच्या नाकाला कोंडा चिकटला तो वेगळाच.

लक्ष्मी म्हणजे आमची मासेवाली, जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली. दुपारी पाटी रिकामी झाली की पाणी प्यायला वर येते. तिचा एकही फोटो धड नाही, कॅमेरा समोर आला की हिचे डोळे मिटतात. मी मेल्यावर पोरं भिंतीवर धर्माजीच्या बाजूला तसलाच मिटलेला फोटो लावतील, असं तिचं दुःख. धर्माजी म्हणजे तिचा नवरा, तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. नातीच्या, रसिकाच्या हळदीला सगळा गोतावळा जमेल, तेव्हा आपले उघडे डोळे भिंतीवर दिसले पाहिजेत म्हणते. हळद जानेवारीत आहे. तूच माझं चित्र काढ म्हणाली, आणि मी हो म्हणून बसले. हे गेल्यापासून समोरच्या खुर्चीत कुणी बसलंच नव्हतं रे.

लोभ आहेच, त्याला तेलाचा डाग पडू देऊ नये.
तुझी,
उर्मी

चिपळूण
१७ ऑक्टोबर २०२५

चि. उर्मिला हिस,
अनेक आशीर्वाद.

हसता हसता कानातलं मशीन खाली पडलं. अगं वेडे, शाळेत जन्मभर मी त्या मळायच्या खोडरबराला कणीक म्हणत आलो. पोरांना कळायचं, तुला कळेल असं गृहीत धरलं. सोबत खरी कणीक पाठवतोय. राखाडी असते. बोटांनी मळायची, टोक काढायचं, कागदावर दाबायची आणि उचलायची. घासायची नाही. दुकानात एकच वडी शिल्लक होती. कोळसा पसरवायला कागदाची सुरळी लागेल, ती पुढच्या खेपेला.

डोळे काढताना बुबुळातला उजेड कोरा कागदच राहू दे, त्याच्या भोवती काळं कर.

इकडे सगळं ठीक. स्वप्नील बंगळूरहून रविवारी फोन करतो, मी हं हं म्हणतो. तुझ्या वहिनीच्या हातची आमटी दोघांना पुरायची, माझी एकट्याला उरते. अंदाज काही केल्या जमत नाही.

जिवाला जप, आणि पोळ्यांची कणीक पोळ्यांनाच ठेव.
तुझा,
दादा

मीरा रोड
१४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

सुरळी आणि मागितलेली दुसरी कणीक मिळाली. पण कणीक आणखी एक पाठव. पहिली लक्ष्मीनं एम-सील समजून बेसिनखालच्या गळक्या पाइपला थापली. गंमत म्हणजे गळती एक दिवस थांबलीसुद्धा! दुसरी वाळली. मळायची राहून गेली असेल.

चित्र चाललंय. परवा डोळे जमल्यासारखे वाटले, काल बघितले तर नाही वाटले, म्हणून पुसले. लक्ष्मी पाय वर घेऊन ऐसपैस बसते. सुनेचं सांगते, होडीचं सांगते, दादाला बोंबील धाडू का विचारते. तुजं काम लई चिवट हाय बाय, म्हणते. मी चहा टाकते. ती गेली की घरभर मासळीचा वास राहतो. पूर्वी जिन्यात नाक मुरडते. मी मात्र खिडकी उघडत नाही.

समिधाचा पुण्याहून फोन असतो. आई, बरी आहेस ना, एवढंच विचारायला तिला वेळ असतो. मी बरी आहे म्हणते.

तुझा लोभ पार्सलाबरोबर येतोच, येत राहावा.
तुझी,
उर्मी

चिपळूण
८ डिसेंबर २०२५

चि. उर्मिला हिस,
अनेक आशीर्वाद.

कणीक पाठवतोय. पण एक विचारतो, रागावू नकोस. चित्र काढणाऱ्याचा आधी कोळसा संपतो, मग पेन्सिली झिजतात. तू अजून एक पेन्सिल मागितली नाहीस. तुझी फक्त कणीक संपते. आणि कोळसा कागदावर पक्का बसवायचा फवारा असतो, त्याचं तर तू नावही काढत नाहीस.

उर्मे, चित्र कधीच झालंय ना? तू चुकलेले डोळे पुसत नाहीस, जमलेले पुसतेस. ती उद्या परत यावी म्हणून.

मी बोल लावत नाही. एकट्या माणसाला दुपार केवढी मोठी असते ते मला शिकवायला नको. पण त्या बाईनं तुझ्यासमोर डोळे उघडे ठेवलेत, ते तिला जानेवारीच्या आत दे. फवारा पाठवलाय. हातभर लांब धर, खिडकी उघड, हलकाच मार.

तुझ्यावर भरवसा आहे, तो तसाच राहील.
तुझा,
दादा

मीरा रोड
२३ जानेवारी २०२६

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पुष्कळ रडले. मग डोळे काढले. एका बैठकीत झाले. हाताला ते कधीचेच पाठ होते. फवारा मारला. लक्ष्मीनं चित्रावरून बोट फिरवलं, मग बोट निरखून पाहिलं. स्वच्छ होतं. आता ह्ये जायाचं न्हाय, असं स्वतःशीच म्हणाली.

हळदीला मलाही बोलावणं होतं, गेले. चित्र धर्माजीच्या शेजारी लागलं होतं. जो तो येऊन बघत होता, आणि लक्ष्मी त्या भिंतीखालून हलायला तयार नव्हती. फार बरं वाटलं.

त्यानंतर मात्र ती आली नाही. बाजारात विचारलं, तर म्हणाली, काम झालं की बाय तुजं, आता उगाच वर येऊन तुजा येल कशाला घालवू. वर दोन बोंबील जास्त टाकले. खुर्ची रिकामी आहे दादा. दुपारी तिच्याकडे बघवत नाही.

आणखी एक. चित्राची फ्रेम आणायला पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेले होते. तिथे कणीक, सुरळ्या, कोळसा, सगळं टांगलेलं असतं. ते मी ऑक्टोबरातच पाहिलं होतं. तरी तुझ्याकडेच मागत राहिले.

मागितल्याशिवायही लोभ असू द्यावा.
तुझी,
उर्मी

चिपळूण
५ फेब्रुवारी २०२६

चि. उर्मिला हिस,
अनेक आशीर्वाद.

मीरा रोडला खोडरबर मिळत नाही असं मला वाटत होतं, असं समजलीस की काय?

आता माझं ऐक. दुकानात एकच वडी होती, ही शुद्ध थाप. अख्खी पेटी गणपतीनंतरच आणून वहिनीच्या कपाटात ठेवली होती. सगळी एकदम धाडली असती, तर तुझं एक आभाराचं पत्र आलं असतं आणि मग काय? म्हणून एकेक सुटी करून पाठवत होतो. पोस्टमन फाटकाशी थांबला की माझा तो दिवस बरा जायचा. तू चोर, तर मी चोरावर मोर.

पेटी घेऊन येतोय. स्वप्नीलनं पुढच्या शनिवारचं तिकीट काढलंय. त्या खुर्चीत मी बसेन. ऐकू येत नसल्यानं तुला बोलायचेही कष्ट नाहीत.

बाकी समक्ष.
तुझा,
दादा

मीरा रोड
९ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ये. खुर्ची पुसून खिडकीशी ठेवलीय, तिथे उजेड चांगला पडतो. आमटी दोघांची टाकीन.

काम नसलं तरी वर येत जा, असं लक्ष्मीला शेवटी तोंडानं सांगितलं. हसली, बघू म्हणाली. तू येणार म्हटल्यावर पापलेट ठेवते म्हणाली.

पत्र पोचायच्या आधी तूच पोचलास, तर इथे बसून वाच.
तुझी,
उर्मी

ता. क. उरलेला फवारा शेजारच्या पूर्वीच्या मुलीला देऊन टाकलाय. येताना नवा आणू नकोस, तुझ्या चित्राला तो इतक्यात लागणार नाही.