लावलेली बोटं

आई, दोन बोटं पाण्यात बुडवून मी पातेल्यावर झटकली आणि चॉकलेट तिथल्या तिथे बिघडलं. आधी चमक गेली. मग ते चमच्याभोवती गोळा झालं, खरखरीत, करपलेल्या पिठल्यासारखं. दुपारचे अडीच वाजले होते आणि पाच वाजता वीस बायका येणार होत्या. ओट्यावर बांबूच्या चाळीस काड्या तयार होत्या, प्रत्येकीत एक स्ट्रॉबेरी, अननसाचा एक तुकडा, वेलची केळ्याचे दोन काप. बुडवल्यावर त्या उभ्या खोचायला अर्धा लाल भोपळा पालथा घालून ठेवला होता. फक्त बुडवायचं राहिलं होतं. वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण, जिच्याबरोबर मी रोज सकाळी चालायला जाते, टेबलाशी बसून उरलेली फळं फडक्यानं टिपत होती. ती उठून पातेल्यात डोकावली. "अगं, माझ्या फडक्यातलं पाणी उडालं का?" मी म्हटलं, "नाय. मीच पाणी घातलं." "पाणी? कशाला?"

तुझ्या वेळी चॉकलेट म्हणजे कागदातली गोळी. आता त्याची लादी मिळते. ती वाफेवर वितळवायची, त्यात फळं बुडवायची, गार झालं की वर कडक कवच धरतं. पाण्याचा थेंबही चालत नाही, हे पाकिटावर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. पण ते घट्ट व्हायला लागलं आणि माझा हात मला न विचारता पाण्याच्या वाटीकडे गेला. शाडूची माती घट्ट व्हायला लागली की तू हेच करायचीस. दोन बोटं, दोन झटके, आणि पुन्हा मळायला सुरुवात.

पार्टी आमच्या कंडक्टर मैत्रिणीची होती. जन्मभर एसटीत तिकिटं फाडून ती काल निवृत्त झाली. केक आणलात तर दारातून परत जाईन, असं तिनं आठवडाभर आधीच सांगितलं होतं. "तुम्ही माझ्या तोंडाला क्रीम फासणार, आणि फोटोत मी भुतासारखी दिसणार. एका हातानं खाता येईल असं कायतरी करा. दुसरा हात मला दांड्याला लागतो." म्हणून काड्या. तिला पाचला बोलावलं होतं, ती तीनलाच आमच्या दारात उभी. "घरी बसून काय करू? इतक्या वर्षांत दुपारी घरी नव्हते. घड्याळ बघून बघून डोळे दुखले." पातेलं बघून म्हणाली, "हे काय, डांबर? रस्त्यावर टाका, आमच्या गाड्यांचं तरी भलं होईल." केकच्या सामानाचं दुकान दुपारी बंद असतं. दुसरी लादी मिळणार नव्हती. वरच्या मजल्यावरची म्हणाली, "सोड. फळं तशीच देऊ." मी पातेल्याकडे बघत बसले, आणि खरं सांगायचं तर मला चॉकलेट दिसत नव्हतं.

तू काय काम करायचीस हे मी कुणाला सांगत नाही. आई शेती करायची, एवढंच सांगते. ते खोटं नाही, लावणी-कापणीला तू शेतात असायचीस. पण उरलेलं वर्ष तू जोहे गावी गणपतीच्या कारखान्यात जायचीस आणि तिथे तुझ्याकडे तुटलेलं जोडण्याचं काम होतं. साचेवाले वेगळे, रंगारी वेगळे, डोळे आखणारा वेगळा. त्यांची नावं गाव घेत असे. तुझं काम असं की ते कुणाला दिसलं म्हणजे फसलं, त्यामुळे तुझं नाव घ्यायचा प्रश्न नव्हता. चतुर्थीच्या आधी रोह्याच्या दुकानाला मूर्ती जायच्या. टेंपोत भाताच्या पेंढ्यात गणपती बसवलेले, त्यांच्या मध्ये तू, तुझ्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा गोळा, रंगाऱ्यानं दिलेली अंगाच्या रंगाची बाटली, आणि तुला चिकटून मी. नागोठण्याच्या पुढे रस्ता असा की दर खेपेला चारदोन बोटं जायचीच. सोंड जाड असते, कान भक्कम असतात. जातात ती बोटं.

मी आठ वर्षांची आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत तू भिंतीला पाठ लावून बसली आहेस. झाडूची काडी तासून तू आत घालायचा कणा करतेस, त्यावर माती चढवतेस, पेर काढतेस, आणि शेवटी आपल्याच नखानं त्या बोटाचं नख उमटवतेस. नवं बोट जुन्या तिन्हींशी जुळेपर्यंत तू श्वास रोखून धरतेस, म्हणून मीही धरते. दुसऱ्या दिवशी एक नवराबायको येतात. बाई त्याच गणपतीपाशी थांबते. "हात बघा हो, बोटं किती जिवंत आहेत." मी तिथेच उभी आहे आणि मला राहवत नाही. मी म्हणते, "त्यातलं एक माझ्या आईनं लावलंय. काल तुटलेलं. ओळखा कुठलं?"

कुणी ओळखलं नाही. कुणी बघितलंही नाही. त्या माणसानं पुढे केलेला हात मागे घेतला. "खंडित मूर्ती विकता?" दुकानदार हसला, पोर काय पण बोलते म्हणाला, पण ते पायरी उतरले होते आणि त्यांच्यामागे ऐकत उभी असलेली आणखी दोन घरंही उतरली. संध्याकाळच्या एसटीनं आपण परत निघालो. तू मला मारलं नाहीस. गोळा पुन्हा ओल्या फडक्यात नीट गुंडाळून घेतलास, उद्या लागणार असल्यासारखा. आणि म्हणालीस, "लावलेलं सांगायचं नाय गो. सांगितलंस का मंग लोकांना तेवढंच दिसतं." मी विचारलं, "पण ते चांगलं होतं ना?" तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मग म्हणालीस, "व्हतं."

पुढच्या वर्षी टेंपो तुझ्याशिवाय गेला. ती बाई नको, असा दुकानदाराचा निरोप होता. कारखान्यातही जोडायचं काम दुसऱ्याकडे गेलं. तू मूर्ती घासायला बसलीस, आणि नंतरची सगळी वर्षं कोरड्या मातीच्या धुळीत घासतच राहिलीस. याबद्दल आपण कधी बोललो नाही. मी पुढे शाळेत मराठी शिकवलं. दरवर्षी मुलींना 'माझी आई' हा निबंध घातला आणि दरवर्षी त्यातल्या मायेच्या सागरांवर लाल रेघ मारली. काय काम करते ते लिहा, म्हणायचे. स्वतःचा मी लिहिला नाही. तू सांगितलेलं पाळत होते असं मी समजत होते.

तर पातेलं. मला आठवलं की शाडूचा गोळा अर्धवट पाणी पिऊन फुटायला लागला तर तू तो फेकत नव्हतीस. त्याला आणखी पाणी द्यायचीस, पार खिरीसारखा होईपर्यंत, आणि मग मळत मळत परत आणायचीस. मी दूध गरम केलं आणि चमच्या-चमच्यानं त्या गोळ्यात घालायला लागले. वरच्या मजल्यावरची म्हणाली, "अगं, ओल्यानंच बिघडलं ना ते?" आधी आणखी वाईट झालं. कंडक्टर म्हणाली, "डांबर बरं होतं. आता शेण झालं." मी घोटत राहिले. सहाव्या की सातव्या चमच्याला ते सैल पडलं आणि चमक आली. हळूहळू नाही येत, आई, एकदम येते. कडक कवच आता धरणार नव्हतं. दूध प्यायलेलं चॉकलेट गार झालं तरी मऊच राहतं, ओघळतं. म्हणून सुकं खोबरं किसून भाजलं, आणि काडी बुडवली की लगेच खोबऱ्यात घोळवली. ओघळ जागच्या जागी थांबला. दोघी बुडवत होत्या, मी घोळवत होते, आणि पावणेपाचला भोपळ्यावर चाळीस काड्या उभ्या होत्या. पाहणाऱ्याला वाटलं असतं, हे असंच करायचं ठरलेलं होतं.

पार्टी चांगली झाली. कंडक्टरनं एक हात दाराच्या चौकटीला धरून, किंचित डुलत, दुसऱ्या हातानं सात काड्या खाल्ल्या. मधेच ओरडायची, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा हाय." बायका हसून दमल्या. मग तिनं टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "बायांनो, हे जे तुम्ही चाटून खाताय ना, ते दुपारी डांबर होतं. माझ्या डोळ्यांसमोर हिनं जिवंत केलं. कुठं शिकलीस गो?" मोबाईलवर बघितलं, असं म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. मी म्हटलं, "आईकडे."

आणि मग सगळं सांगितलं. कारखाना, टेंपो, काडीचा कणा, नखानं काढलेलं नख. मी चांगलं सांगितलं. खाणं थांबवून ऐकत होत्या. माझी वरच्या मजल्यावरची मैत्रीण माहेरची रोह्याचीच, बाजाराजवळच्या आळीतली. तिनं विचारलं, "कुठलं दुकान?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आमचा तिथूनच यायचा. दरवर्षी. बाबा स्वतः निवडायचे. त्यांना एक ओरखडा चालायचा नाही, उजेडात आणून बघायचे." कंडक्टर म्हणाली, "म्हणजे त्यांनी उजेडात बघून बघून हिच्या आईचीच बोटं निवडली!" सगळ्या हसल्या. वरच्या मजल्यावरची हसली नाही. "ही फसवणूक नाही का गं?" तिनं मला विचारलं. मोठ्यानं नाही, पण खोली ऐकत होती. मी म्हटलं, "पूजा होईपर्यंत ती मातीच, असं आई म्हणायची." "ते ती म्हणायची. बाबांना कुणी विचारलं नव्हतं." तिनं अर्धी राहिलेली काडी बशीत ठेवली, डोकं दुखतंय म्हणाली आणि वर गेली. वीस वर्षांत ती माझ्या घरातून अशी उठून गेली नव्हती. कंडक्टर म्हणाली, "जाऊ दे. उद्या येईल." पण ती सगळ्यांनाच असं म्हणते. चुकलेल्या गाडीलाही.

आता सगळ्या गेल्यात. पातेलं भिजत घातलंय आणि टेबलावर खोबरं सांडलेलं आहे. मैत्रिणीच्या वडलांना कुणी विचारलं नव्हतं, हे बरोबर आहे. तुलाही कुणी काही विचारलं नव्हतं, हेही बरोबर आहे, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. तिची मैत्री गेली तर मला ती फार लागेल. तरी आज बोलले याचं वाईट वाटत नाही. तू गेलीस त्याला एकोणतीस वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदा एका खोलीभर बायकांनी तुझ्या हाताचं काम ऐकलं. तुझ्यासाठी सांगितलं, असं लिहिणार होते. ते खरं नाही. तुला न्याय मिळावा वगैरे माझ्या मनात नव्हतं. मला मिरवायचं होतं, आठव्या वर्षी होतं तसंच. तुझं काम बंद पडलं ते माझ्या मिरवण्यानं, हे पुरतं ठाऊक असूनही. समोर मूर्ती असती तर 'ओळखा कुठलं' असं मी आजही म्हणाले असते.

हे तुला पाठवायचं नव्हतंच. तुला वाचता येत नव्हतं. असतीस, तरी कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि म्हणजे ते आणखी एकाला सांगितल्यासारखं झालं असतं.

सकाळ. सहा वाजता ती नेहमीसारखी जिन्याखाली उभी होती. आम्ही नदीकडे गेलो. पुलाशी पोचलो. परत फिरताना तिनं विचारलं, "एक बोट सुकायला किती वेळ लागायचा?"

"पावसाळी हवेत? कंदील जवळ धरला तर तास, दीड तास."

"धरला म्हणजे? हातात?"

"हातात. खाली ठेवला तर ऊब पोचायची नाही."

ती थोडं चालली. मग म्हणाली, "हात भरून येत असतील गं त्यांचे."

"व्हय," मी म्हटलं. "यायचे."