परतीचा गडी

पांढरकवडा
१८ नोव्हेंबर २००६

प्रिय पूनमसिंग,

शाळेत शिकवलं तसं शुद्ध लिहायले बसलो होतो. 'पत्रास कारण की' इथपर्यंत आलो अन् पुढं पेनच सरकेना. कारण सांगायचीच तर भीती आहे ना गड्या. मंग तो कागद फाडला. आता जसा बोलतो तसाच लिहून राह्यलो, चुका काढू नको.

आधी कामाचं. पुढच्या रविवारी, सव्वीस तारखेले, सकाळी आठच्या आत तू जिनिंगच्या मैदानावर पाहिजे. गोलात उभा. त्या सूतगिरणीचा माणूस वापस येऊन राह्यला. दसऱ्याले आपल्याइथून त्यांनी गिरणीच्या टीममध्ये, नोकरीवर दोघं नेलते, त्यातला फॉरवर्ड ठेवला अन् गोलकीपर वापस पाठवला. म्हणजे गोलकीपरची कायम नोकरी अजून रिकामी आहे. तो माणूस पहिलीच म्याच पाहीन अन् अकराच्या गाडीनं निघून जाईन. पुन्हा काही तो येत नाही. फुलसावंगीच्या किराणा दुकानावर मी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा निरोप आला की पूनमसिंग घरी नाही. कापूस वेचायच्या दिवसात तू घरी नाही तर कुठी, दिल्लीले गेलता काय? तूच तसं सांगाले लावलं, मले समजते. म्हणून हे पत्र तुमच्या तांड्यातल्या शंकरसिंग कंडक्टरच्या हाती देतो. सोमवारी तो घरी येते. फाडायचं असंल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

इकडचं म्हणशीन तर सगळं तसंच. जिनिंग याही साली उघडली नाही. फाटकाले तेच कुलूप, अन् बाजूच्या पडक्या भिंतीतून आपला तोच रस्ता. जिथं कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागत होती तिथं आता दोन गोलपोस्ट आहेत. एक मी वेल्डिंग केलेला, जो तुह्या मते डावीकडं वाकडा आहे. वाकडा नाही तो, जमीनच उतरती आहे, किती वेळा सांगू? दिवाळी अन् ईद औंदा एकाच हप्त्यात आली. अम्मीनं तुह्या नावाचा शीरखुर्मा वाटीत काढून ठेवला अन् दुसऱ्या दिवशी मले विचारलं, पूनम काहून नाही आला. मी म्हणलो, काम असंल. अम्मीनं ती वाटी मले नाही खाऊ दिली, शेजारी पाठवली. हुस्नाबी आहे ती, तिले माणसं वाचता येतात.

शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, आपल्या ग्यारेजमध्ये कागदी टीमची निवड झाली. तुले आठवत असंल हे खूळ कुठून आलं ते. नंदकिशोर काकांच्या पुण्याच्या पुतण्यानं सांगतलं की विलायतेत लोक घरबसल्या खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करतात, अन् खऱ्या मैदानात त्यांनी गोल मारला की कागदावर मार्क मिळतात. तहसीलातून रिटायर झालेल्या माणसाले वही नसली की करमत नाही. काकांनी वही आणली, तालुक्याच्या टुर्नामेंटमधल्या सगळ्या पोट्ट्यांची नावं लिहिली, अन् आपण सहा रिकामटेकडे कॅप्टन झालो. पाळीपाळीनं एकेक नाव घ्यायचं. गोलाले पाच मार्क, अन् गोलकीपरनं एकही गोल खाल्ला नाही तर दहा. आखरीची फेरी परतीच्या गड्याची. जो मागचा सिझन पुरा खेळला नाही, पाय मोडला म्हणा, सुरतेले गेला म्हणा, लग्न झालं म्हणा, असा एक गडी प्रत्येकानं घ्यायचाच. तो पहिल्या रविवारी मैदानात उतरला तर त्याचे मार्क डबल. नाही उतरला तर कॅप्टनच बाद. अन् जो जिंकीन त्याले वर्षभर त्या जुन्या जीपच्या सीटवर बसायचा मान, बाकीचे ऑइलच्या डब्यावर.

दोन वर्षं झाले, त्या सीटवर अब्रार बसून राह्यला. नावाले माहा चुलतभाऊ. माह्याच ग्यारेजमध्ये, मीच रेक्झिन लावलेल्या सीटवर पाय पसरून बसते अन् मले म्हणते, कय्युम, जरा पाना सरकव इकडं. दोन वर्षं, पूनम! तू हसशीन, पण मले ती सीट पाहिजेच होती.

अन् परतीचा गडी ओळखावा तर मीच. हे तूही मानतं. बाकीचे लोक पाय पाहतात. पाय काय पाहता बाप्पा, पाय तर डॉक्टरही जोडून देते. मी पाहतो की तो माणूस मैदानाबाहेर बसून काय करते. म्याच चालू असताना ज्याची मान बॉलच्या मागं मागं फिरते तो वापस येते. जो शेंगदाणे खात गप्पा हाणते तो गेला समजायचं. अन् दुसरी कला तोंडाची. जो गडी पाहिजे त्याचं नाव चांगल्या शब्दात घ्यायचंच नाही. देवसिंगचं आठव. लग्नानंतर तो एक सिझन दिसला नाही, तर मी महिनाभर टपरीवर सांगत फिरलो, सासरचं जेवून त्याचं पोट सुटलं, चार पावलांत धापा टाकते. कोणीच त्याले घेतलं नाही. मी आखरीत घेतला अन् पठ्ठ्यानं नऊ गोल मारले. तू तेव्हा खाटेवर लोळून हसलता. म्हणला, कय्युम, तुह्या तोंडाले टाळा लावला पाहिजे. लावाले पाहिजे होता, खरंच.

तुह्या गुडघ्याची ती म्याच मी विसरत नाही. मागच्या डिसेंबरात, मारेगावसोबत सेमीफायनल. बॉल तुह्या हातात होता, गोल वाचलाच होता, अन् त्यांचा तो दांडगा पोट्टा तुह्यावर येऊन पडला. आवाज मले लाइनीबाहेर ऐकू आला. यवतमाळच्या दवाखान्यात प्लास्टर, मंग माह्या ग्यारेजमागची खोली, मंग काठी. तुही माय लालीबाई तांड्यावरून आलती, तुले घरी नेतो म्हणे. तू नाही म्हणला. म्हणला, याडी, मले गोलाजवळ राहू दे. तवाच मले समजलं होतं, हा वापस येते.

अन् पावसाळ्यात तू मैदानात आलाच. पहाटे फजरची नमाज झाली की मी बॉल घेऊन येत होतो, तू सुतळी पोत्यात रेती भरून खांद्यावर घेऊन बैठका मारत राहत होता. शंभर बॉल डावीकडं, शंभर उजवीकडं. जुलैत दहातले चार सोडत होता. पोळ्याच्या आधीच्या दिवशी एकही सोडला नाही. मी दमलो, तू नाही दमला. चिखलानं माखलेला तू उभा होता अन् म्हणला, अजून दहा मार. मी तुले म्हणलो, हे कोणाले दाखवू नको, सिझन लागेपर्यंत लोकांसमोर आरामात चाल, नजर लागते. अम्मीचं नाव पुढं केलं. तू लगेच मानलं. तुले काय माहीत. तू तर दिवसभर काठी घेऊनच फिरत होता, मी सांगतलं म्हणून.

मंग दसऱ्याले काकांनी मैदानात यादी वाचली, गिरणीले कोण दोघं चालले ते. मैदानातली टीम काकाच लावतात, म्हणून गिरणीनं नावं त्यांच्याचकडून मागवलती. तुहं नाव नव्हतं. तू काकांसमोर गेला, काठी फेकली, म्हणला, पाहा, मी चालून राह्यलो, धावून दाखवू काय? काका म्हणे, नावं आठ दिवसांपूर्वीच गेली बेटा, आता माह्या हातात काही नाही. अन् ते तुह्याकडं नाही, माह्याकडं पाहत होते. मी उगाच हातातला पाना पुसत होतो. साफ होता तो, तरी पुसत होतो. मंग तू ग्यारेजवर आला, हातमोजे जळक्या ऑइलच्या ट्रेमध्ये फेकले, अन् पिशवी भरली. मी तुले म्हणलो, जाऊ दे गड्या, ऑफिसातल्या लोकांचं असंच असते, आपल्या-आपल्याची सोय पाहतात. हे मी म्हणलो. माह्या तोंडानं. तू काकांले शिव्या देत एसटीत बसला अन् मी खिडकीखाली उभा राहून मान हालवली.

आता शुक्रवारचं. आखरीची फेरी लागली. अब्रारनं सीटवर बसल्या बसल्या सुरतेहून आलेला एक पोट्टा घेतला. माही पाळी आली. मले वाटलं होतं त्या घडीले भल्ला आनंद होईन. मी म्हणलो, पूनमसिंग. सगळे खो खो हसले. अब्रार म्हणे, लंगडा घोडा घेतला रे यानं! काका नाही हसले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, वही मिटली अन् मले विचारलं, कय्युम, तूच तर म्हणला होता ना त्याचा गुडघा कामातून गेला?

पोळ्याच्या दिवशी झालं ते, पूनम. काका लूनाचं पंक्चर काढाले आलते. चाकाकडं पाहत पाहत म्हणे, पूनमसिंगचा गुडघा कसा आहे रे, तुह्याच इथं राहते तो, तुलेच ठाऊक असंल. मले वाटलं, वहीवाला माणूस आहे, स्वतःही कॅप्टन आहे, माहा परतीचा गडी काढून घ्यायले आला. तोंड सवयीनं उघडलं. म्हणलो, काका, तो संपला. डॉक्टर म्हणते, आता बॉलले हात लावला तर जन्माचा लंगडा होईन. वरून उसासाही टाकला. काका म्हणे, अरेरे, अन् पाच मिनिटं तिथंच उभे राह्यले. मी मनातल्या मनात खुश. ते गिरणीच्या यादीसाठी विचारून राह्यलते हे मले दसऱ्याच्या दिवशी, यादी वाचताना समजलं. तवा सांगता आलं असतं. काका त्याचसाठी माह्याकडं पाहत होते. पण देवसिंगच्या वेळी तू जसा हसलता तसं कोणी माह्यावर हसणार नव्हतं, थुंकलं असतं. म्हणून मी पाना पुसला. एका फाटक्या जीपच्या सीटसाठी मी तुही नोकरी घालवली, अन् ज्यानं काही केलं नाही त्या म्हाताऱ्याले तुह्या शिव्या खाऊ दिल्या. हे पत्र कायले लिहिलं, तर यासाठी. मले लाज वाटते. एवढी की काल अम्मीनं जेवाले हाक मारली तर तिच्यासमोर बसता येईना. तिलेही सांगून टाकलं. तिनं ताट उचलून नेलं.

शुक्रवारीच सगळ्यांसमोर मी कबूल झालो. अब्रारसुद्धा सीटवरून उठून उभा राह्यला. काका म्हणे, आता मी गिरणीच्या माणसाले काही सांगत नाही, माहा शब्द एकदा खोटा पडला. त्यानं डोळ्यानं पाहावं. आठ वाजता पूनमसिंग गोलात दिसला तर त्याले खेळवतो, नाही तर दुसरा पोट्टा उभा करतो. हातमोजे तू गेला त्याच दिवशी मी ट्रेमधून काढले होते. चार वेळा साबणानं धुतले, वास गेला नाही, पण पकड चांगली आहे, हात घालून पाह्यलं. आधी विचार केला होता की माह्याजवळच ठेवतो, म्हणजे ते घ्यायले तरी तू येशीन. मंग वाटलं, हा पुन्हा माहा डावच झाला. म्हणून पत्रासोबत पाठवून राह्यलो. वहीतून माही टीम मी खोडाले लावली, तू आला तरी मले एक मार्क मिळत नाही. नाही आला तर मी कोणत्या तोंडानं विचारू काहून नाही आला. अन् आला तर माह्याशी बोलायची गरज नाही, माह्याकडं पाहायचीही नाही. मी पडक्या भिंतीच्या बाहेर उभा राहीन. फक्त पहिला बॉल धरला की मोठ्यानं ओरड, जसा नेहमी ओरडतं. तेवढं मले बाहेर ऐकू येते.

तुझाच, तू मानशीन तर,
कय्युम