पाणी अडवून बसलेला राक्षस

३ जून, सकाळी
धाकट्या बहिणीची कादंबरी कुरिअरने आली. फॅन्टसी! दिवसभर लोकांचे दात उपटायचे आणि घरी येऊन राक्षस लिहायचे. कव्हरवर हिरवा लिबलिबीत राक्षस, तळ्यात बसलेला. पुस्तक पालथं घालून ठेवलं.
प्रकाशन समारंभात मी पाच मिनिटं बोलावं, असं प्रकाशकांचं पत्र. प्रतीकांवरच्या माझ्या ग्रंथाची कीर्ती पोचलेली दिसते. (अकरा वर्षं चालू आहे. प्रस्तावना जवळजवळ झाली.) बायको म्हणते, बहिणीनेच नाव सुचवलं असेल. असेल.
संकल्प: रोज पन्नास पानं, टिपणांसह.

५ जून
पंधरा पानं. जाणकार सावकाशच वाचतो.
नायिका नऊ वर्षांची, हातात रिकामी घागर. गावाचं सगळं पाणी अडवून राक्षस तळ्यात पोथ्या वाचत बसलाय. हाक मारली की म्हणतो, "आलो, एवढं पान संपू दे."
पुस्तक मिटलं. पाणी अडवणारा म्हणजे वृत्र! सरळ वेदांतून उचललाय, आणि तोही धड नाही. वृत्र कशाला पोथ्या वाचेल? या अज्ञानाची किळस येते.

८ जून
बहिणीला फोन. तळं म्हणजे नेणीव, घागर म्हणजे गर्भाशय, हे चाळीस मिनिटं समजावलं. म्हणाली, घागर म्हणजे घागर रे दादा, आधी पुस्तक पूर्ण वाच.
लेखकांना टीका सोसत नाही.

१३ जून
वाचन शून्य. ऑफिसात विम्याच्या क्लेमचा ढीग. शिवाय चष्मा सैल झालाय. शिवाय सगळं पुस्तक वाचलं की मत गढूळ होतं. शेवट काय, ठरलेला: इंद्र वज्र मारतो, वृत्र मरतो, पाणी सुटतं. इथे इंद्राऐवजी पोरगी, एवढंच. भाषण लिहून टाकलं.
बायकोने दोन दिवसांत वाचून संपवलं आणि रडली. म्हणाली, निदान शेवट तरी बघून घ्या. राक्षसांच्या गोष्टीवर रडणारी माणसं! शी.

१९ जून, संध्याकाळी
समारंभ. प्रती आधीच वाटलेल्या, बहुतेक जण वाचून आलेले. पंचवीस मिनिटं बोललो. वृत्र, यमाच्या वाटेवरचे कुत्रे, खजिन्यावरचे नाग, काही सोडलं नाही. राक्षसाचा वध हेच कथेचं सार, असं म्हणून थांबलो. टाळ्यांऐवजी कुजबुज.
पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली. "पण काका, राक्षस मरतच नाही."
हशा. मग कुणीतरी बहिणीला विचारलं, राक्षस नेमका कुठल्या पुराणातला? तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, कुठल्याच नाही. आमच्या घरात एकच बाथरूम होतं. दादा पुस्तक घेऊन आत बसायचा. आम्ही दोघी बहिणी बाहेर बादल्या घेऊन. दार वाजवलं की आतून एकच उत्तर...
अख्खं सभागृह ओरडलं, "एवढं पान संपू दे!"
मीही हसलो. खेळीमेळीने घेतलं.

२० जून, सकाळी ९
खेळीमेळी कसली! वेदातल्या वृत्राला बाथरूममध्ये कोंबलं. घाण, निव्वळ घाण. निषेधाचं पत्र लिहितोय, सात मुद्दे. पान क्रमांक हवेत म्हणून शेवटचं प्रकरण उघडलं.

२० जून, दुपारी
वाचलं.
नायिका मोठी होते, दूरच्या गावी जाते. तिथे पाणीच पाणी. बऱ्याच वर्षांनी परत येते तर तळं आटलेलं. राक्षस तसाच, कमरेपर्यंत चिखलात. ती हात पुढे करते, तो काही हात देत नाही. मग ती चपला काढून त्याच्या शेजारी चिखलात बसते. संपलं.
क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनिस्ट म्हणाली, मॅडम पेशंट बघतायत, थांबाल का? थांबतो म्हटलं. बावीस मिनिटं थांबलो.
बहीण फोनवर आली. सांगितलं, पुस्तक वाचलं. कसं वाटलं, म्हणाली.
सात मुद्द्यांच्या पत्राची घडी घातली. म्हटलं, दाढ दुखतेय, कधी येऊ?
गुरुवारी चारची वेळ मिळाली.
दाढ ठणठणीत आहे.