तुमी नवं खाऊन घ्या

आये, लांबूनच तुझ्या पाया पडतो.

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणत राहिलो. न सांगता निघालो, त्याची लाज वाटत होती. सुरतेत बरा आहे, आइस्क्रीमच्या गाडीवर काम मिळालंय. इथं सध्या पेरूच्या आइस्क्रीमवर तिखट-मीठ टाकून खातात. मला हसू आलं. कैरीला आपण तेच लावतो, फक्त रांग लागत नाय. लोक चार-पाचजण मिळून येतात. मी गाडीमागं एकटाच चाखतो.

हां, मुद्दा राहिलाच. काजलताई फोनवर म्हणाली, घरातलं एक माणूस कमी आहे म्हणून तू नव्या तांदळाला हात लावत नाहीस, अजून जुनाच शिजवतेस. आपली रीत आहे, ठाऊक आहे. पण माझं यायचं नक्की नाय गो. तुमी नवं खाऊन घ्या. सोबत सुका जवळा भाज. खोकला गेला का तुझा?

थांब, गाडीपाशी कोणतरी आलंय.

आये, बाबा आलेत! आटगावच्या पुढं कधी न गेलेला माणूस! ताईनं पत्ता दिला वाटतं. आइस्क्रीम दिलं, ते हातातच वितळतंय. नुसतं विचारतात, "तुझी पिशवी कुठं हाय?"

तुझाच,
सुदाम